उगवण दर हंगामाला मार खातेय? औषधाआधी बुरशी कुठे बसली आहे ते शोधा

पेरणी वेळेवर झाली, ओल चांगली होती, बियाणं वरून ठीक दिसत होतं, तरी तासात जागोजागी खाडे पडले. किंवा रोपवाटिकेत काल टवटवीत असलेली रोपं सकाळी आडवी झालेली दिसली. ही तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा पहिला प्रश्न औषधाचाच विचारतो. बियाणं तयार करण्याच्या आणि रोपं वाढवण्याच्या कामात हा बिघाड मी पुन्हा पुन्हा निस्तरला आहे, आणि माझं सांगणं दर वेळी एकच असतं: बुरशी बियाण्याच्या सालीवर आहे, बियाण्याच्या आत आहे की मातीत आहे, हे आधी ठरवा. तिन्ही जागांचे इलाज वेगळे आहेत. जागा न ठरवता कुठली तरी पावडर चोळली तर एखादा हंगाम निभावतो, आणि पुढच्या हंगामात पुन्हा नांग्या भरायची वेळ येते.

आधी लक्षणं देतो, मग तपासण्या. फुकटातल्या आणि सोप्या तपासण्या आधी आहेत. त्याच क्रमाने जा, कारण निम्म्याहून अधिक वेळा उत्तर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच सापडतं.

लक्षणं: दाण्यावर काय दिसतं

मूठभर बियाणं पांढऱ्या कागदावर पसरा आणि चांगल्या उजेडात बघा. सोयाबीनचा दाणा पांढरट, सुरकुतलेला, चिरा गेलेला असेल तर फोमॉप्सिस या बुरशीचा संशय घ्या. जांभळे डाग असतील तर ती सर्कोस्पोरा. जांभळा दाणा पाहून माणूस जास्त घाबरतो, पण उगवणीचं खरं नुकसान पांढऱ्या, सुरकुतलेल्या दाण्यामुळे होतं. ज्वारीच्या दाण्यावर गुलाबी झाक असेल तर बहुधा फ्युजॅरियम, काळपट थर असेल तर कर्व्हुलारिया; कणसं भरताना पाऊस लागला की हे हमखास दिसतं. गव्हात अंकुराकडचं टोक काळं पडतं. भुईमुगाच्या दाण्यावर हिरवट पिवळी किंवा काळी भुकटी दिसली तर ती ॲस्परजिलसची. पोत्यात हात घातल्यावर कुबट वास आला किंवा आतलं बियाणं कोमट लागलं, तर बुरशी या क्षणीही वाढते आहे. गव्हाला नासक्या मासळीसारखा वास येत असेल तर कर्नाल बंट या बुरशीजन्य रोगाचा संशय धरा.

पण नितळ दाणा म्हणजे निरोगी दाणा नव्हे. बऱ्याच बुरश्या सालीखाली किंवा थेट अंकुरात निपचित पडून असतात आणि बाहेर काहीच दाखवत नाहीत.

लक्षणं: जमिनीत आणि रोपावर काय दिसतं

बी वर येतच नाही, आणि उकरून पाहिलं तर ते मऊ पडलेलं असतं, चिमटीत दाबलं की गर बाहेर येतो. किंवा मोड आलेला असतो, पण मुळाचं टोक तपकिरी होऊन तिथेच थांबलेलं असतं. वर आलेल्या रोपात जमिनीलगतचा भाग पाणचट होतो, आवळल्यासारखा बारीक होतो आणि वरची पानं हिरवी असतानाच रोप कोलमडतं.

दोन लक्षणं लोकांच्या नजरेतून सुटतात. पहिलं, रोप मरत नाही पण खुरटतं: पानं फिकट, टोकदार, आणि उपटून पाहिलं तर सोटमुळाला फाटेच नाहीत. भुईमुगात ॲस्परजिलस फ्लेव्हसने ग्रासलेल्या बियांची रोपं अशी येतात. बुरशीचं विष रोपाला हरितद्रव्य तयार करू देत नाही. दुसरं याच्या उलट आहे. भाताच्या वाफ्यात काही रोपं इतरांपेक्षा उंच, बारीक आणि फिकट दिसतात. नवख्याला ती जोमदार वाटतात. प्रत्यक्षात तो फ्युजॅरियमचा संसर्ग असतो. ही बुरशी स्वतःच वाढीचं संप्रेरक तयार करून रोपाला ताणते. जपानी संशोधक एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं की बुरशी काढून टाकलेल्या नुसत्या द्रवानेही रोपं तशीच उंच होतात. पुढे त्यातूनच जिबरेलिन हे संप्रेरक हाती लागलं. अशी रोपं लावणीनंतर बहुधा मरतात, वाचली तरी दाणा भरत नाही. वाफ्यात दिसली की तिथेच उपटा.

पहिली तपासणी: नुकसान कुठे कुठे आहे ते चालून पाहा

याला पैसा लागत नाही, अवजार लागत नाही, तरी ही तपासणी सगळ्यात जास्त टाळली जाते. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला आणि खाडे कसे पसरलेत ते बघा.

खाडे सगळ्या शेतात विखुरलेले आहेत, एक रोप ठीक तर शेजारचं गायब, असं दिसलं तर संशय बियाण्यावर घ्या. संसर्ग झालेले दाणे पोत्यात मिसळलेले असतात, म्हणून शेतातही ते तसेच विखुरतात. नुकसान सखल भागात, पाणी साचतं तिथे, गोलसर चट्ट्यांत असेल आणि चट्टा दिवसेंदिवस रुंदावत असेल तर ती माती. आखंच्या आखं तास रिकामं असेल तर बुरशीचा विचारच नको, पेरणीच्या नळीत काही अडकलं होतं का ते बघा. आणि एका ठरावीक तासापासून पुढे उगवण एकदम बदलली असेल तर तिथे कुठलं पोतं संपून कुठलं सुरू झालं, हे पेरणाऱ्याला विचारा. या एका प्रश्नाने मी अनेकदा पुढच्या सगळ्या तपासण्या वाचवल्या आहेत.

दुसरी तपासणी: उकरा, आणि बुरशी नसलेली कारणं आधी बाजूला काढा

वीतभर लांबीचं तास खुरप्याने हळू उकरा, अशा चार-पाच ठिकाणी. बी सापडलंच नाही तर पाखरं किंवा उंदीर. बी कडक, कोरडं, जसंच्या तसं असेल तर त्याला ओलच मिळालेली नाही. कोंब वाकून जमिनीखालीच गुंडाळला असेल तर वरची पपडी किंवा जास्त खोल पेरणी. दलं, म्हणजे बियातली पहिली जाड पानं, कुरतडलेली असतील तर कीड. मुळाचं टोक करपलेलं असून बाजूलाच खताचे दाणे दिसत असतील तर खत बियाला भिडलं. यांपैकी कशावरही बुरशीनाशकाचा उपयोग नाही, म्हणून ही चाळणी आधी लावायची.

आता पडलेली किंवा पिवळी रोपं मुळासकट, मातीसह काढा. मूळ उपटू नका, खणून काढा. कुजलेलं मूळ ओढलं की तुटून मातीत राहतं आणि पाहायचं तेच हातातून जातं. पाण्यात हलकं धुवा आणि मान, म्हणजे जमिनीलगतचा भाग, भिंगाखाली धरा.

मान पाणचट, गिळगिळीत, रंग फारसा बदललेला नाही, मुळाची साल बोटांनी सहज निसटून आतला दोरा उरतो: हे पिथियमचं काम. हवा गार, माती चिखल, असं असेल तर संशय पक्का धरायला हरकत नाही. मानेवर तांबूस तपकिरी, कोरडा, खोलगट डाग असेल आणि खोड तिथे तारेसारखं बारीक झालं असेल तर रायझोक्टोनिया. मानेभोवती पांढरे कापसासारखे धागे आणि त्यांत मोहरीएवढे गोल, आधी पांढरे मग तपकिरी दाणे दिसले तर स्क्लेरोशियम. शेतात अर्धवट कुजलेला काडीकचरा असला की हा जोर करतो. भुईमुगाच्या मानेवर आणि दलांवर काजळीसारखी काळी भुकटी असेल तर ॲस्परजिलस नायजर. आणि हरभऱ्याचं रोप बाहेरून धड दिसूनही मलूल होत असेल तर खोड उभं चिरा. मधोमध काळपट तपकिरी रेघ दिसली की तो फ्युजॅरियमचा मर रोग.

नाव ठरवण्याचा हा खटाटोप कशासाठी, तर औषधं सगळ्यांवर चालत नाहीत म्हणून. पिथियम दिसायला बुरशी, पण ती खऱ्या बुरशीच्या कुळातली नाही. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही. मेटॅलॅक्झिल हे दुसरं बुरशीनाशक पिथियमवर चालतं, पण रायझोक्टोनियाला ते लागू पडत नाही. रोपं कोलमडतात म्हणून कार्बेन्डाझिमच्या आळवण्या घालत राहणारे आणि तरीही रोपं गमावणारे लोक मी सतत बघतो. औषध खोटं नसतं, ते भलत्यावर घातलेलं असतं.

तिसरी तपासणी: बियाणं कसं ठेवलं होतं

दाण्यावर येणाऱ्या बुरश्या दोन जातींच्या. एक शेतातल्या: अल्टरनेरिया, फ्युजॅरियम, कर्व्हुलारिया वगैरे. यांना भरपूर ओल लागते, त्यामुळे पीक उभं असताना किंवा काढणी पावसात सापडली की त्या आत शिरतात. दुसऱ्या साठवणीतल्या: ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की कोरड्या दिसणाऱ्या दाण्यावरही त्या वाढतात, आणि त्यांचा पहिला घाव अंकुरावर बसतो. म्हणून काढणीच्या वेळी उत्तम उगवणारं बियाणं काही महिन्यांत मान टाकतं.

ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर मिठाची युक्ती करा. पूर्ण कोरड्या काचेच्या बरणीत तव्यावर तापवून गार केलेलं मीठ चमचाभर घ्या, त्यावर बरणी तिसरा हिस्सा भरेल इतकं धान्य टाका, झाकण लावून चांगलं हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे साठवणीला अजिबात योग्य नाही. नाही चिकटलं तर १५ च्या खाली, इतकंच कळतं. तृणधान्याला १२ ते १३ टक्के चालतो. तेलबियांना तेवढाही जास्त. भुईमुगाचा दाणा ८ टक्क्यांच्या आसपास हवा, सोयाबीन १० ते १२. तेलाचा दाणा कमी ओलाव्यातही बुरशीला पुरेसं पाणी देतो, म्हणून हा फरक.

बियाणेवाले एक ठोकताळा वापरतात: ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान ओलावा १ टक्क्याने कमी केला की बियाण्याचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. म्हणजे दोन उन्हं नीट दिली तर ती औषधाच्या डब्यापेक्षा जास्त काम करतात. सोयाबीनला मात्र कडक ऊन देऊ नका, साल तडकते.

थप्पी भिंतीला टेकवली होती का? पोती थेट फरशीवर होती का? खालच्या आणि भिंतीकडच्या पोत्यातलं बियाणं वेगळं काढा आणि पुढच्या तपासणीत वेगळं लावा. बिघाड अनेकदा त्या दोन-चार पोत्यांपुरताच असतो आणि सगळा साठा बदनाम होतो.

चौथी तपासणी: तीन गुंडाळ्या

माझ्या मते ही या सगळ्यातली सर्वांत मोलाची तपासणी. खर्च कागदाचा, आणि वेळ आठवड्याभराचा. पेरणीच्या निदान पंधरा दिवस आधी करा, म्हणजे बियाणं बदलायला सवड राहते.

शाई नसलेला, पाणी शोषणारा जाड कागद घ्या. गोणपाटही चालतं, पण उकळून घेतलेलं. न उकळलेल्या गोणपाटात स्वतःचीच बुरशी असते आणि ती निकाल फिरवते. कागद भिजवून निथळू द्या. दाबल्यावर बोट ओलं व्हावं, पाणी गळू नये. जास्त पाण्यात बी गुदमरतं, आणि सोयाबीन, हरभरा, भुईमूग यांच्या बाबतीत ते लगेच कुजतं. निवडून नव्हे, पोत्याच्या वरून, मधून, खालून काढून मिसळलेल्या बियाण्यातले १०० दाणे दहा-दहाच्या दहा ओळींत, एकमेकांना न चिकटवता मांडा. एका बीची बुरशी शेजारच्यावर पसरते, म्हणून अंतर महत्त्वाचं.

अशा तीन गुंडाळ्या करा.

पहिलीत बियाणं आहे तसं. दुसरीत सालीवरची बुरशी मारलेलं: ४ ते ५ टक्क्यांचं घरगुती हायपोक्लोराइट एक भाग, पाणी चार भाग, त्यात बी दोन मिनिटं बुडवा आणि स्वच्छ पाण्याने तीनदा धुवा. हातमोजे घाला, आणि या द्रावणात आम्ल किंवा दुसरं कुठलंही रसायन मिसळू नका. तिसरीत त्या पिकासाठी मान्यता असलेलं, आत शोषलं जाणारं बुरशीनाशक लेबलवरच्या मात्रेने लावलेलं बी.

गुंडाळ्या सैल पिशवीत उभ्या ठेवा, २५ अंशांच्या आसपास, सावलीत. गहू, हरभरा, सोयाबीन यांची शेवटची मोजणी आठव्या दिवशी, मक्याची सातव्या, ज्वारी-भुईमुगाची दहाव्या, भाताची चौदाव्या दिवशी. पण पाचव्या दिवशी एकदा उघडून बघाच. त्या वेळी जे दिसतं ते शेवटी दिसत नाही, कारण तोवर कुजलेल्या दाण्यांची बुरशी सगळीकडे पसरलेली असते.

उघडल्यावर नुसते मोड मोजू नका. मूळ सरळ, पांढरं, टोक शाबूत, बारीक केस असलेलं, कोंब धड, दलं निम्म्याहून जास्त स्वच्छ: असं रोप तेवढं चांगलं धरा. मोड आला पण मुळाचं टोक तपकिरी, मूळ आखूड जाड, किंवा दलावर खोलगट डाग असेल तर ते वेगळं मोजा. कागदात ते जगतं, शेतात मरतं. ९० दाण्यांना मोड आले म्हणून खूश होणाऱ्यांच्या शेतात जो फरक पडतो, तो या वेगळ्या ढिगात असतो.

एक सावधगिरी. राखाडी, लांब, केसाळ बुरशी आणि तिच्या टोकाला काळे ठिपके दिसले तर ती रायझोपस. ती मेलेल्या किंवा फुटलेल्या दाण्यावर बसते आणि पाहता पाहता अख्खी गुंडाळी व्यापते. तिला रोगाचं कारण समजू नका. तिच्या खालचा दाणा आधी का मेला, हा खरा प्रश्न.

आता निकाल वाचा.

पहिली वाईट, पण दुसरी आणि तिसरी चांगली: बुरशी सालीवर आहे. साध्या बीजप्रक्रियेने काम होईल.

पहिली आणि दुसरी वाईट, तिसरी चांगली: बुरशी आत आहे. वरून लागणारी, न शोषली जाणारी पावडर इथे पुरणार नाही.

तिन्ही वाईट: बियाणं मेलेलं, जुनं किंवा मळणीत फुटलेलं आहे, किंवा बुरशीने अंकुर आधीच खाल्ला आहे. कारण काहीही असो, औषधाने मेलेला अंकुर उठत नाही. मळणीचा मार आहे का ते पाहायला सोयाबीनचे १०० दाणे साध्या पाण्यात पाच मिनिटं टाका. साल फुटलेले दाणे पटकन टम्म फुगतात. मार खाल्लेला दाणा आणि बुरशी यांचं नातं थेट आहे: फुटक्या सालीतून साखर आणि अमिनो आम्लं मातीत पाझरतात, आणि मातीतलं पिथियम त्या वासावर काही तासांत जागं होऊन दाण्यावर येतं. मळणी यंत्राचे फेरे कमी करणं आणि पोतं उंचावरून न आपटणं हाही बुरशीवरचाच इलाज आहे.

तिन्ही चांगल्या आणि तरी शेतात उगवण पडते: बियाण्याला दोष देणं थांबवा, मातीकडे वळा.

पाचवी तपासणी: दोन कुंड्या

ज्या चट्ट्यात रोपं मरतात तिथली माती आणा. निम्मी तशीच ठेवा, निम्मी ओलसर करून वाफेवर अर्धा तास तापवा आणि पूर्ण गार होऊ द्या. दोन कुंड्यांत एकाच पोत्यातलं बी सारख्या खोलीवर लावा, पाणी उकळून गार केलेलं द्या. कच्च्या मातीत रोपं मेली आणि तापवलेल्या मातीत तगली तर निकाल स्वच्छ आहे. रोपवाटिका असेल तर तिसरी कुंडी ठेवा: तापवलेली माती, पण रोजचं तळ्याचं किंवा टाकीचं पाणी. या कुंडीतली रोपं कोलमडली तर पिथियम पाण्यातून येतंय. उघड्या टाक्यांत हे फार होतं, आणि लोक मात्र माध्यम बदलत बसतात.

जागा कळली, आता काय करायचं

सालीवर असेल तर आधी चाळणी आणि उफणणी. हलके, चिंबलेले, डागाळलेले दाणे काढल्यानेच बराच संसर्ग बाहेर जातो. भाताला १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून तरंगणारं बी काढून टाका, खालचं दोन-तीन पाण्यांनी धुऊन सावलीत वाळवा. बाजरीत अरगटच्या गाठी असतील तर मीठ जास्त लागतं, १० लिटरला २ किलो. मग बुरशीनाशक. क्रम कायम ठेवा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी, अगदी पेरणीच्या तोंडावर, रायझोबियमसारखी जिवाणू खतं. उलटं केलं तर जिवाणू मरतात. रोगाच्या बुरशीला मारणारी ट्रायकोडर्मा वापरणार असाल तर तीही बुरशीच आहे हे ध्यानात ठेवा, कार्बेन्डाझिमच्या सोबत ती लावण्यात अर्थ नाही. सोयाबीनला पाणी कमीत कमी वापरा आणि चोळू नका. ताडपत्रीवर हलक्या हाताने वरखाली करा.

आत असेल तर शोषलं जाणारं औषध लागतं, आणि तेही निवडून. गव्हाची काणी अंकुरात असते, तिथे कार्बॉक्सिन पोहोचतं, थायरम वरच राहतं. अल्टरनेरिया आणि बायपोलॅरिस यांच्यावर कार्बेन्डाझिम दुबळं पडतं. टोमॅटो, कोबी अशा बारीक बियांना ५० अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवण्याची पद्धत चांगली आहे, पण तापमापी हवाच. दोन-तीन अंश कमी पडले तर बुरशी जगते, वर गेले तर अंकुर मरतो. आधी १०० बियांवर करून उगवण बघा, मग उरलेलं. सोयाबीन-भुईमुगासारख्या मोठ्या बियांवर हे करू नका, साल फाटते. आणि उगवण कमी म्हणून बियाण्याचं प्रमाण वाढवायचं, हा तोडगा बुरशी आत असताना मला पटत नाही. रोपांची संख्या भरून निघते, पण तितकीच जास्त बुरशी तुम्ही हाताने पेरता.

मातीत असेल तर पाणी पहिलं. गादीवाफा १० ते १५ सेंटीमीटर उंच, बी विरळ, पाणी सकाळी, आणि वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये सुकू द्यायचा. शेतात वाफसा आल्याशिवाय पेरणी नको. उन्हाळ्यात वाफे भिजवून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवले तर रोपवाटिकेचा त्रास खूप कमी होतो. काळं प्लॅस्टिक हे काम तितकं करत नाही. नीट कुजलेल्या खतात ट्रायकोडर्मा वाढवून ते मिसळा. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी पीक नसतानाही सहा वर्षांपर्यंत मातीत टिकते, त्यामुळे एक-दोन हंगामांच्या फेरपालटाने ती जाईल अशी आशा धरू नका. तिथे मर प्रतिबंधक वाण हाच खरा उपाय.

औषध लावलेलं बियाणं उरलं तर ते माणसाच्या किंवा जनावराच्या तोंडी जाता कामा नये. ॲस्परजिलस आलेले भुईमुगाचे आणि मक्याचे दाणेही खाण्यात, पेंडीत किंवा जनावराच्या खुराकात वळवू नका. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष धुतल्याने किंवा शिजवल्याने जात नाही.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला गाठा

तिन्ही गुंडाळ्या वाईट आल्या आणि बियाणं विकत घेतलेलं असेल तर पुढे प्रयोग करू नका. पिशवी, टॅग, पावती आणि न उघडलेली पिशवी असल्यास ती जपून ठेवा आणि नमुना बीज परीक्षण प्रयोगशाळेकडे द्या. घरची चाचणी तुमच्या निर्णयापुरती आहे, तक्रारीसाठी तिचा आधार चालत नाही.

तुम्ही स्वतः विक्रीसाठी बियाणं करत असाल आणि बुरशी आत असल्याचा निकाल आला, तर तो साठा बाजूला ठेवून प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत विकू नका. मासळीचा वास येणारा गहू असेल तर तो हलवूच नका, कळवा. कर्नाल बंट अनेक देशांत विलगीकरणाच्या नियमाखाली येतो.

योग्य औषध योग्य मात्रेत एकदा घालूनही चट्टे वाढत असतील तर दुसरी, तिसरी आळवणी करू नका. एकाच चट्ट्यात दोन बुरश्या किंवा बुरशीसोबत सूत्रकृमी असण्याची शक्यता असते, आणि ती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. वनस्पती रोगशास्त्रज्ञाकडे नमुना न्या.

नमुना म्हणजे मेलेलं वाळकं रोप नव्हे. नुकतीच मलूल व्हायला लागलेली दहा-बारा रोपं मुळांभोवतीच्या मातीसकट, तितकीच शेजारची निरोगी रोपं, आणि पेरलेल्या बियाण्यातलं पाव किलो. रोपं कागदात गुंडाळा, बियाणं कागदी पिशवीत द्या. बंद प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून भलतीच बुरशी वाढते. सोबत चिठ्ठी जोडा: पेरणी कधी, किती खोल, कुठली बीजप्रक्रिया, त्यानंतर पाऊस-पाणी कसं, आधीचं पीक कोणतं, आणि तिन्ही गुंडाळ्यांतले आकडे. नमुना त्याच दिवशी पोहोचवता आला नाही तर रात्रभर सावलीत, गार जागी ठेवा. त्यावर पाणी शिंपडू नका.